चिंध्या पांघरलेले गाडगेबाबा



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे असे ठरले, तेव्हा जिजामाता, अहिल्याबाई आणि सावित्रीबाई पहिल्या पाच मिनिटांतच वाटल्या गेल्या. माझी पाळी आली तेव्हा मी गाडगेबाबांचे नाव सांगितले. महिला मंडळाच्या स्मरणिकेत हे बाबा कसे काय, असे एकदोघींना वाटले. पण मला ते नाव उगाच सुचले नव्हते. आपण चारचौघी जमलो की निम्मे बोलणे नेसण्यावरच होते. कुणी काय नेसले, कितीला घेतले, कुणाचे काठ खरे आणि कुणाचे खोटे. एक नूर आदमी आणि दस नूर कपडा, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण खोटी पाडण्यासाठी ज्याने उभा जन्म चिंध्यांत काढला, त्याची गोष्ट आपण नाही तर कुणी सांगायची? मी सातवीपर्यंत शिकलेली आहे. लिहिण्याची सवय नाही. जे वाचले आणि ऐकले ते आपल्या बोलण्यात सांगते. गोड मानून घ्यावे.

गाडगेबाबांचे खरे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. आईचे नाव सखूबाई. जात परिटाची. ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवावी. साऱ्या गावाचे मळके कपडे गोळा करून नदीवर न्यायचे, धुवायचे, वाळवायचे आणि घडी करून ज्याचे त्याला पोचवायचे, हा त्या घराचा धंदा. आजही नीट घडीच्या कपड्यांना आपण परीटघडीचे कपडे म्हणतो. लोकांना परीटघडी मिळते ती परिटाच्या हातामुळे, पण त्या परिटाला ओट्यावर बसवून घेणारे तेव्हा थोडे. ज्याच्या धुण्यावर गावाची शोभा, त्यालाच गाव खालचा समजत असे. कपडे आणि मान यांचा हा उलटा हिशेब डेबूने जन्मल्यापासून पाहिला असणार.

वडील दारूपायी गेले. तेव्हा डेबू सात-आठ वर्षांचा होता. सखूबाई लेकराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आली. डेबू मामाच्या घरी वाढला. गुरे राखली, नांगर धरला, पुरात पोहला. अंगाने धट्टाकट्टा, कामाला वाघ. शाळेचे तोंड मात्र त्याला पाहायला मिळाले नाही. १८९२ साली त्याचे लग्न झाले. बायकोचे नाव कुंताबाई. पुढे मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली. घरात कुणाला लिहिता-वाचता येत नव्हते. कागदावर काय लिहिले आणि अंगठा कशाखाली उमटवला, हे कळायला मार्ग नव्हता. मामा त्या धक्क्यानेच गेले. बाबांनी पुढे जन्मभर दोन गोष्टींचा ध्यास घेतला. एक, कर्ज काढू नका, आणि दुसरी, पोरांना शिकवा. त्या दोन्ही गोष्टींचे मूळ या एका घरात आहे.

डेबूजीला मुलगी झाली तेव्हाची गोष्ट सांगतात. बारशाला जातभाईंना मटण आणि दारू द्यायची, ही रीत. तसे केले नाही तर चारचौघांत नाक कापले जाई. डेबूजीने गोडाचे जेवण घातले. भाऊबंद रागावले. लोक काय म्हणतील या भीतीला त्याने घराच्या उंबऱ्यावरच अडवले, ते असे पहिल्यांदा.

१ फेब्रुवारी १९०५ च्या पहाटे डेबूजी घर सोडून निघाला. अंगावर फाटके धोतर, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात एक मडके. मागे म्हातारी आई, बायको आणि मुले. मी बाई आहे, संसारात आहे, म्हणून हे वाचताना माझे मन आधी कुंताबाईकडे जाते. घर सोडून जाणाऱ्याला जग संत म्हणते, आणि मागे राहिलेल्या बाईला चूल विझू न देण्याचे काम करावे लागते. तिने काय सोसले ते कुठे फारसे लिहिलेले नाही. चरित्र लिहिताना तिला एक नमस्कार करून पुढे जावे, एवढेच मला वाटते.

आता त्यांच्या वेषाकडे वळते. अंगात निरनिराळ्या रंगांचे तुकडे जोडून केलेले आंगरखेवजा काहीतरी. ठिगळावर ठिगळ. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. पायांत एक एका तऱ्हेचा जोडा, दुसरा दुसऱ्या तऱ्हेचा. हातात खराटा. आणि ते मातीचे गाडगे किंवा त्याची खापरी, तीच जेवायला ताट, तीच पाणी प्यायला भांडे, आणि ऊन लागले की तीच डोक्यावर. त्या गाडग्यावरूनच त्यांना गाडगेबाबा हे नाव पडले. कुठे लोक त्यांना चिंधेबुवा म्हणत, कुठे गोधडेबुवा, कुठे लोटके महाराज. एका माणसाला इतकी नावे, आणि सगळी त्याच्या वेषावरून! आपले डोळे पहिल्यांदा कुठे जातात ते एवढ्यावरून कळते.

या वेषात एक गोष्ट मात्र नव्हती. घाण नव्हती. कपडा फाटका असे, मळका नसे. परिटाच्या लेकाला मळ आणि फाटकेपण यांतला फरक शिकवावा लागत नाही. फाटके असणे हे गरिबीचे लक्षण आहे, घाण असणे हे आळसाचे, असा त्यांचा रोकडा न्याय होता. आपल्या डोक्यात या दोन गोष्टींची नेहमी सरमिसळ होते. फाटके दिसले की आपण नाक मुरडतो, आणि भरजरी दिसले की आतली कॉलर मळकी असली तरी पाटावर बसवतो.

बाबा गावात शिरत ते असे. कुणाशी न बोलता खराटा हातात घ्यायचा आणि रस्ता झाडायला लागायचे. गटार तुंबलेले दिसले तर ते उपसायचे. कुणी वेडा समजे, कुणी भिकारी. पोरे मागे लागत. कुणी हुसकून देई. त्यांच्या कीर्तनाच्या जागी ते आधीच जाऊन झाडलोट करीत, आणि महाराज कधी येणार म्हणून वाट पाहणारे यजमान त्यांनाच पाणी भर, बाजूला हो असे फर्मावीत. मग कीर्तनाची वेळ झाली की तोच चिंध्यांवाला पुढे येऊन उभा राही. अशा आठवणी महाराष्ट्रात गावोगाव सांगतात. त्यांतल्या किती जशाच्या तशा घडल्या आणि किती तोंडातोंडी वाढल्या, हा भाग सोडा. त्या सांगाव्याशा लोकांना वाटल्या, कारण प्रत्येक गावाला आपली चूक त्यांत दिसली.

कीर्तनात बाबा पोथी सोडत नसत. त्यांना लिहिता-वाचता कुठे येत होते? ते लोकांना प्रश्न विचारीत आणि उत्तरे लोकांकडूनच काढून घेत. देवाला कपडे कोण नेसवतो, त्याला आंघोळ कोण घालतो, त्याच्या नैवेद्यावरून कुत्रे कोण हाकलतो, असे साधे प्रश्न. उत्तर देता देता लोकांना आपलेच हसू येई, आणि हसता हसता मान खाली जाई. वऱ्हाडी बोली, खणखणीत आवाज, आणि मध्येच देवकीनंदनाचा गजर. मृत्यूच्या आधी महिना-दीड महिना वांद्र्याला त्यांचे कीर्तन झाले, त्याचे ध्वनिमुद्रण आहे. माझ्या मुलाने ते मला मोबाइलवर लावून दिले. ऐंशी वर्षांच्या माणसाचा आवाज, पण समोरच्या गर्दीला हातात धरून नेणारा. मी भाजी निवडता निवडता ऐकायला बसले आणि भाजी तशीच राहिली. त्या आवाजात चिंध्या दिसत नाहीत. नुसता माणूस ऐकू येतो.

लोकांनी त्यांच्या पुढ्यात पैसे टाकले, आणि त्या पैशांतून केवढ्या इमारती उठल्या! पूर्णेच्या काठी ऋणमोचनाला घाट झाला. मूर्तिजापूरला धर्मशाळा आणि गोरक्षण झाले. नाशिक, देहू, आळंदी, पंढरपूर येथे धर्मशाळा झाल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातलगांना उतरायला जागा झाली. पंढरपुरात तेव्हा अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना पावसापाण्यात उघड्यावर पडावे लागे. त्यांच्यासाठी बाबांनी जी धर्मशाळा बांधली तिला चोखामेळ्याचे नाव दिले. हे नाव मला फार बोलके वाटते. वरच्या रंगाला भुलू नका म्हणून सांगणारा चोखोबाचा अभंग आपण सगळ्या म्हणतो. म्हणून झाला की शेजारणीच्या साडीकडे पाहतो!

या साऱ्या इमारतींत बाबांनी स्वतःसाठी एक खोली ठेवली नाही. आपल्या नातलगांचा त्यांवर हक्क लागणार नाही याची त्यांनी व्यवस्था केली. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली आणि सगळा कारभार त्याच्याकडे गेला. लाखोंच्या इमारती उभ्या करणारा माणूस खापरीत भाकरी घेऊन झाडाखाली बसे. पाया पडायला कुणी आले तर काठी उगारी. त्यांचा एकुलता एक मुलगा गोविंदा १९२३ साली कुत्रे चावून गेला. बातमी आली तेव्हा बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तनाला उभे होते. कीर्तन त्यांनी थांबवले नाही. आई म्हणून हे मला पेलत नाही. पण ते घडले आहे, म्हणून लिहिले.

आता ज्या गोष्टीवरून माझे बाबांशी थोडे भांडण आहे, ती सांगते. कीर्तनात ते संसाराचा हिशेब मांडत. एक वेळ जेवणाचे ताट मोडा आणि हातावर भाकरी घेऊन खा, बायकोला लुगडे कमी पैशांचे घ्या, पण पोराला शाळेत घातल्यावाचून राहू नका, असा त्या सांगण्याचा अर्थ असे. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला राग आला. काटकसर करायची तर पहिली कात्री बायकोच्या लुगड्यालाच का? धन्याच्या पटक्याला का नाही, त्याच्या विडीकाडीला का नाही? घरात पैसे कमी पडले की आपली साडी पुढच्या दिवाळीवर जाते, हे आपल्याला कुणी कीर्तनातून सांगायला नको. ते आपण जन्मभर करतोच.

पण मग मी पुढचा विचार केला. बाबा दारूवर याहून कडक बोलत. सण, नवस आणि लग्ने यांत कर्ज काढून मिरवणाऱ्या पुरुषांना ते सोडत नसत. स्वतःच्या अंगावर तर त्यांनी काही ठेवलेच नव्हते. त्यांनी पहिली कात्री स्वतःच्या कपड्याला लावली होती आणि मग दुसऱ्याच्या लुगड्याविषयी बोलले. आणि त्यांनी सांगितलेला हिशेब खोटा नाही, हे मी माझ्याच घरी पाहिले आहे. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात पाहुण्यांत शोभले पाहिजे म्हणून कर्ज काढून भारी शालू घेतला गेला, मानपान झाला. आठवीची शाळा दुसऱ्या गावी होती. जाण्यायेण्याला आणि वह्यापुस्तकांना त्या वर्षी घरात पैसा उरला नाही आणि माझे शिक्षण सातवीवर थांबले. कुणाला दोष देत नाही. सगळी गावेच तशी वागत होती. तो शालू बहिणीने त्यानंतर दोन-तीनदा नेसला असेल. तो अजून तिच्या कपाटात आहे, घडीवर चिरत चाललेला. बाबांचे ते सांगणे मी आता वाचते तेव्हा मला लुगडे आणि शाळा एकाच तराजूत दिसतात. कुठले पारडे जड करायचे ते आमच्या घरी चुकले. बाबांनी लुगड्याशी वैर धरले नव्हते. ती शाळा वाचवण्याची धडपड होती.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होणार नाही. गाडगेबाबा चिंध्यांत राहिले, आणि त्याच काळात डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर नीटनेटक्या सुटाबुटात राहिले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना पोशाखाविषयी सांगितले होते. जातीची खूण म्हणून जे आखूड नेसणे आणि जे जड दागिने तुमच्यावर लादले आहेत ते टाका, घोट्यापर्यंत नीट लुगडे नेसा, कपडा फाटका असला तरी चालेल पण स्वच्छ ठेवा, असा त्याचा आशय होता. बायकांनी ते लगेच अमलातही आणले. ज्यांना चांगले नेसू दिले जात नव्हते, त्यांना चांगले नेसणे हा हक्क होता. अंगावरच्या कपड्यावरून यांची जात ओळखू यावी, हा डाव त्या लुगड्यांनी मोडला.

मग दोघांपैकी खरा कोण? सूट घालणारा की चिंध्या पांघरणारा? मला वाटते, दोघेही एकाच भिंतीवर दोन बाजूंनी घाव घालत होते. एकाने म्हटले, तुम्ही आम्हाला ज्या कपड्यांत ठेवले त्यांत आम्ही राहणार नाही. दुसऱ्याने म्हटले, तुम्ही ज्या कपड्यांना हसता ते मी मुद्दाम घालून येतो, मग पाहू तुम्ही माणूस ओळखता की नाही. दोघांना एकमेकांविषयी फार आदर होता. १९४९ साली बाबा मुंबईत आजारी होते. बाबासाहेब तेव्हा देशाचे कायदेमंत्री. ते दोन घोंगड्या घेऊन भेटायला आले. कुणाकडून काही न घेणाऱ्या बाबांनी त्या घेतल्या, असे सांगतात. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी त्यांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. सूटवाल्याच्या हातून चिंध्यांवाल्याने ऊब घेतली आणि आपली सगळ्यांत मोलाची वस्तू त्याला दिली. कपड्यांच्या पलीकडे पाहता येणारी माणसे अशी असतात.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीला जाताना वाटेत वलगावजवळ पेढी नदीपाशी गाडगेबाबांनी देह ठेवला. अमरावतीला त्यांची समाधी आहे. त्यांच्या हयातीतच, १९५२ साली, प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांचे चरित्र लिहिले. १९७७ साली निघालेल्या देवकीनंदन गोपाला या चित्रपटात डॉक्टर श्रीराम लागूंनी त्यांचे काम केले. अमरावतीच्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे. ज्याला शाळेची पायरी चढता आली नाही, त्याचे नाव पदवीच्या कागदावर! सरकारने २००० साली सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानालाही त्यांचेच नाव दिले. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घ्यायला गावोगावाहून आलेली माणसे तिथे उतरतात. त्या माणसांच्या अंगावर काय असते, हे कुणी विचारत नाही.

आता आपल्या घरचे चार शब्द. नवरात्रात नऊ दिवस नऊ रंगांच्या साड्या नेसायची टूम गेल्या काही वर्षांत आली आहे. दिसायला फार छान दिसते. फोटो सुंदर येतात. मलाही हौस आहे, ती मी लपवत नाही. पण आपल्या गल्लीतली एक जण, चार घरची धुणीभांडी करून आरतीला न चुकता येणारी, दोन वर्षांपासून नवरात्रात येत नाही. तिच्याकडे नऊ रंग नाहीत. तिला कुणी येऊ नको म्हटले नाही. तिच्या साडीकडे पाहून आपण नुसत्या थोड्या थांबलो असू, तेवढेच तिला पुरले. ती लोकांचे कपडे धुते, आणि कपड्यांमुळेच बाहेर राहते. डेबूजी परिटाची गोष्ट काही फार जुनी झालेली नाही, असे मला त्यावरून वाटते.

नटावे, नेसावे, हौस करावी. बाबांचा वेष घेण्याची आपली शक्ती नाही आणि तशी गरजही नाही. मळ मात्र राहू देऊ नये, कपड्यावरचा तसाच नजरेतला. नेसेन तर पैठणीच नेसेन ही जिद्द आपल्यापुरती ठेवावी, दुसरीला त्या मापाने मोजू नये. यंदाच्या नवरात्रात रंगांची यादी फळ्यावर लावायची नाही, जिला जे असेल ते स्वच्छ नेसून तिने यावे, असा ठराव मी कार्यकारिणीपुढे मांडणार आहे. ज्या भगिनींना तो पटेल त्यांनी हात वर करावा. आणि ठराव होवो न होवो, त्या बाईच्या घरी बोलावणे घेऊन मी स्वतः जाणार आहे. बरोबर कुणी आले तर बरे वाटेल.